समुद्रावर हद्द कोण आखतो?

मालवणच्या किनाऱ्यावर गेल्या चार दशकांत दोन मागण्या पुन्हा पुन्हा ऐकू आल्या. सरकारने आमच्या समुद्रात बंधने आणू नयेत, ही एक. सरकारने समुद्रात बंधने घालावीत आणि ती कडकपणे पाळायला लावावीत, ही दुसरी. पहिली सागरी अभयारण्याविरुद्ध होती, दुसरी पर्ससीन आणि एलईडी मासेमारीविरुद्ध. दोन्ही वेळा मोर्चात चाललेली माणसे बरीचशी तीच होती: छोट्या होड्यांवर पोट असणारे पारंपरिक मच्छीमार. शहरात बसून वाचणाऱ्याला हा दुटप्पीपणा वाटू शकतो. मला तो तसा अजिबात वाटत नाही. उलट, राज्यसंस्था माणसाच्या हालचालींवर मर्यादा घालते म्हणजे नेमके काय करते, आणि लोक कोणती मर्यादा आपली मानतात, हे समजून घ्यायला या दोन मागण्यांइतका चांगला धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

जमिनीवर हद्द दिसते. कुंपण असते, बांध असतो, फाटकावर शिपाई असतो. समुद्रावर यातले काही नाही, तरी मालवण बंदरातून निघालेली होडी एकामागून एक कितीतरी हद्दी ओलांडत जाते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारीची वाटणीच करून ठेवली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारी हा राज्याचा विषय. त्याच्या पुढे, २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, केंद्राचा. ही मापे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने पक्की झाली. राज्याच्या हद्दीच्या आत आणखी एक माप आहे आणि ते अंतराचे नसून खोलीचे आहे. सिंधुदुर्गाच्या बाजूला यांत्रिक ट्रॉलरने दहा वावांच्या आत येऊ नये, असा नियम आहे. एक वाव म्हणजे सहा फूट. दहा वाव म्हणजे साठ फूट पाणी. जुन्या तांडेलाला दोरीला बांधलेले शिसे सोडून ही हद्द हाताने मोजता येत होती. आज खोली यंत्राच्या पडद्यावर दिसते. पण रात्री दोन वाजता आत घुसलेल्या ट्रॉलरखाली पाणी नऊ वाव होते की अकरा, हे सिद्ध करणे आजही सोपे नाही.

या समुद्रावर परवान्याची सक्ती नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो नसलेले जहाज पकडायचे, माल जप्त करायचा, अशी रीत होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या राजांनाही आपल्या जहाजांसाठी तो घ्यावा लागे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा या समुद्रात कोण कोणाला अडवणार हाच प्रश्न होता. पुढे मराठ्यांच्या आरमारानेही व्यापारी जहाजांना स्वतःचे परवाने दिले.

याच परंपरेतला एक दस्तऐवज मला अधिक मोलाचा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी आज्ञा आहे. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षा दोन वर्षांत उभी राहत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊनच ते तोडावे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या मजकुरात राज्यसंस्था रयतेला नव्हे, स्वतःच्या कारभाऱ्यांना मर्यादा घालते आहे. मर्यादांचा इतिहास लिहिताना ही बाजू सहसा निसटते.

सरकारी कायदा येण्याआधी किनाऱ्यावर कायदा नव्हता असे मुळीच नाही. रापण हे त्याचे जिवंत उदाहरण. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणायची आणि दोन्हीकडून माणसांनी मिळून ओढायचे. एका रापणीला पन्नास-शंभर हात लागतात. म्हणून तिची रचनाच सामाईक: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. कोणत्या रापणीने कुठल्या पट्ट्यात जाळे टाकायचे, पाळी कोणाची, हे किनाऱ्यावरच ठरते. पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय हंगाम धरायचा नाही, हीसुद्धा मर्यादाच होती. ती पाळायला गस्तीनौका लागत नव्हती, कारण मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच वाळूवर, त्याच माणसांसमोर उभे राहावे लागे. या व्यवस्थेचे मी भाबडे कौतुक करणार नाही. तिच्यात जातीची आणि घराण्यांची उतरंड होती, आणि बाईच्या वाट्याला ओढण्यापेक्षा विकण्याचे कष्ट येत. पण मर्यादा घालणारा आणि सोसणारा एकाच किनाऱ्यावर राहत होता, एवढे खरे.

ही घडी मोडली ती सरकारच्याच प्रोत्साहनाने. स्वातंत्र्यानंतर मासळीचे उत्पादन वाढवायचे धोरण ठरले. १९५२ मध्ये केरळात नॉर्वेच्या मदतीचा प्रकल्प सुरू झाला, यांत्रिक बोटी आल्या, पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि ट्रॉलरसाठी अनुदाने व कर्जे सगळ्या किनाऱ्यावर पोचली. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते आणि कोळंबी असते उथळ पाण्यात, म्हणजे नेमकी रापणीच्या आणि छोट्या होड्यांच्या पाण्यात. जाळी फाटू लागली. सत्तरच्या दशकात शेजारच्या गोव्यात रापणकारांनी आंदोलन उभे केले. माथानी साल्ढाणा हे त्याचे ठळक नाव. किनाऱ्यालगतचा पट्टा ट्रॉलरना बंद करा, ही त्यांची मागणी होती. केंद्राने मजुमदार समिती नेमली, नमुना विधेयक तयार झाले, १९८० मध्ये गोवा आणि केरळने कायदे केले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. तो १९८२ मध्ये अमलात आला.

म्हणजे हा कायदा मच्छीमारांवर वरून लादलेला नव्हता. छोट्या मच्छीमारांच्या लढ्यातून तो आला होता. त्याचा मजकूरही ते सांगतो. सरकारने मासेमारीवर निर्बंध कशासाठी घालावेत, याची कारणे त्यात दिली आहेत: पारंपरिक साधने वापरणाऱ्यांचे हितरक्षण, मत्स्यसाठ्याचे जतन आणि समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. हे तिसरे कारण अनेकांना अनपेक्षित वाटेल. पण समुद्रात खरोखरच मारामाऱ्या होतात. जाळी कापली जातात, दगड फेकले जातात, पकडून ठेवलेल्या बोटींवरून किनाऱ्यावर दोन गट समोरासमोर येतात.

कायदा झाला तरी तो चालवायचा कोणी? मत्स्यव्यवसाय विभागाकडे मोजकी माणसे आणि भाड्याची गस्तीनौका. नौका पकडली तरी निवाडा करायचा तहसीलदाराने, ज्याच्या टेबलावर जमिनीपासून निवडणुकीपर्यंत सगळेच पडलेले. दंड मासळीच्या किमतीच्या पटीत. त्या रात्री बोटीवर मासळी थोडी असेल तर दंडही थोडा. कर्नाटकातले वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या पाण्यात शिरतात, ही तक्रार इथे वर्षानुवर्षे आहे. गस्तीनौकेचा वेग त्यांच्यापेक्षा कमी असला, तर कायद्याची हद्द नुसती कागदावर उरते. ‘आमकाच कायदो काय?’ हा प्रश्न म्हणूनच इथे इतका ऐकू येतो. बिगरयांत्रिक होडीवाला रोज दिसतो, सापडतो. मोठ्या नौकेचा मालक सापडत नाही.

नव्वदच्या दशकानंतर भांडण ट्रॉलरवरून पर्ससीनवर सरकले. पर्ससीन जाळे मासळीच्या संपूर्ण थव्याला वेढते आणि मग तळाची दोरी ओढून बटव्याच्या नाडीसारखे आवळले जाते. बांगडा, तारली, पेडवे हे थव्याने फिरणारे मासे. पूर्ण थवा एका फेऱ्यात उचलला की त्या पट्ट्यात आठवडाभर जाळे मारणाऱ्या छोट्या होडीला काय उरणार? शासनाने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला: पर्ससीनला वर्षातले चारच महिने, सप्टेंबर ते डिसेंबर; नवे परवाने बंद; आणि असलेल्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायची. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांना हा आपला विजय वाटला आणि ते योग्यच होते.

पण पर्ससीनवाल्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. त्यांच्यातले कित्येक याच समाजातले. कर्ज काढून जाळे घेतले, त्यावर वीस-पंचवीस खलाशी जगतात, आणि आठ महिने बोट बंद ठेवून हप्ते कसे भरायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. बोट बांधायला बँकेने पैसे द्यायचे आणि नंतर सरकारने ती बांधून ठेवायला सांगायची, यात राज्यसंस्थेचा एक हात दुसऱ्याच्या विरुद्ध काम करतो. मर्यादा उशिरा आली की ती अशीच क्रूर होते. जाळी पाण्यात उतरण्याआधी घातलेली मर्यादा कोणाच्या घरावर कर्जवसुलीची नोटीस आणत नाही.

एलईडीचे प्रकरण त्याहून सरळ आहे. जनरेटरवर प्रखर दिवे लावून रात्री समुद्र उजळायचा, दूरदूरची मासळी आणि म्हाकूल प्रकाशाखाली गोळा करायचे आणि सगळे एकदम उचलायचे. यात लहान-मोठे, अंडी घातलेले-न घातलेले असा भेदच राहत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये १२ मैलांपलीकडच्या क्षेत्रातही ही पद्धत बंद केली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त केला. तहसीलदाराचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला आणि एलईडीसाठी दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला. चाळीस वर्षांनी का होईना, दंड आणि नफा एका मापात मोजले जाऊ लागले.

आता त्या पहिल्या मागणीकडे येऊ. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालच्या बुडालेल्या खडकांचा. प्रवाळ, समुद्रशैवाल, खडकांच्या कपारीत वाढणारी मासळी यांनी हा तुकडा खरोखरच श्रीमंत आहे. संरक्षण द्यायला हवे होते, यात मला शंका नाही. पण ते दिले कसे? जंगलासाठी लिहिलेला कायदा समुद्रावर लावला गेला. जंगलातल्या अभयारण्यात शिकार बंद, प्रवेशाला परवानगी, अधिकार वनखात्याला. इथे मात्र अभयारण्याची सीमा एका चालत्या बंदराला लागून होती आणि तिच्यातून रोज शेकडो माणसे पोटासाठी ये-जा करत होती. उद्या आपल्याच बंदरातून होडी काढायला वनरक्षकाची परवानगी लागेल, ही भीती पसरली आणि विरोध पेटला.

ती भीती निराधार नव्हती, याचा पुरावा संसदेनेच पुढे दिला. १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २६-अ आले. अभयारण्यात सागरी हद्दीतले पाणी घ्यायचे असेल, तर त्याच्या सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून ठरवाव्यात, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताची पुरेशी काळजी घेऊनच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षे आधीची. जी अट आधी असायला हवी होती ती नंतर आली आणि तोवर मालवणात ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला तरी माणसे सावध होऊ लागली होती. पुढे अनेक वर्षे हे अभयारण्य बहुतांशी कागदावर राहिले. प्रवाळ वाचले का? नाही म्हणावे लागेल. नांगर पडत राहिले, पर्यटक वाढले, पायाखाली प्रवाळ तुटत राहिले. सक्तीने आखलेल्या हद्दीने मच्छीमारांचा विश्वास घालवला आणि प्रवाळालाही पुरेसे संरक्षण मिळाले नाही. दोन्ही बाजूंनी तोटा.

२०१२ मध्ये महाराष्ट्राने कांदळवन कक्ष स्थापन केला आणि त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प उभा राहिला. त्यातले एक काम मला इथे मुद्दाम सांगायचे आहे: ट्रॉलरच्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले की ताणाने तो मिटतो आणि बोटाएवढे पिल्लूही आत अडकते. आस चौकोनी, ४० मिलिमीटरचा केला तर तो ताणाखालीही उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. तांडेलाला हे जाळे टाकून, उचलून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. कचरा कमी, निवडायचा वेळ कमी, ओढायला डिझेल कमी. मर्यादा तीच, म्हणजे लहान मासा धरू नका. पण ती आता वनरक्षकाच्या शिट्टीत नव्हती, जाळ्याच्या विणीत होती.

संशोधन संस्थांचा अधिकार इथेच सुरू होतो. कोणता मासा किती लांबीचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो, हे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या संस्था मोजतात आणि त्यांच्या शिफारशीवर सरकार नियम करते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवला. सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचा नाही. त्याच वर्षी या माशाला राज्यमाशाचा मान मिळाला. हा नियम खलाशाइतकाच आपल्यालाही लागू व्हायला हवा. हॉटेलात आणि बाजारात हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट हौसेने घेणारे गिऱ्हाईक कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

पावसाळी बंदीतही विज्ञान आणि रूढी यांची अशीच गाठ आहे. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. शासन आदेशात नारळी पौर्णिमेचा उल्लेख होता, ही मला फार समंजस गोष्ट वाटते. २०१५ पासून सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच काळ लागू झाला: १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. शेजारच्या राज्यात बंदी आधी उठली की तिथले ट्रॉलर इकडे येतात, म्हणून एकसारखेपणा हवा होता. त्यासाठी पौर्णिमा सोडावी लागली. आता कायद्याने हंगाम १ ऑगस्टला उघडतो, पण मालवणात पुष्कळ जण नारळ वाहिल्यावरच खरा हंगाम धरतात.

काही मर्यादा तर मालवणने पाहिलेल्याही नसतात. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे अडकून मरतात, म्हणून कासव बाहेर काढणारी चौकट जाळ्यात नसेल त्या देशाची समुद्रातली कोळंबी अमेरिका घेत नाही. यावरून भारतासह चार आशियाई देशांनी जागतिक व्यापार संघटनेत दिलेला लढा १९९८ मध्ये गाजला. २०१९ पासून भारतातल्या समुद्री कोळंबीवर ती बंदी प्रत्यक्ष लागू आहे. वॉशिंग्टनमधल्या एका निर्णयाने देवगडच्या लिलावातला भाव हलतो. त्याउलट महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केलेली योजना पाहा. कासव, देवमासा किंवा बहिरी मोरीसारखा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जीव सोडणे कायद्याने आधीही बंधनकारकच होते. फरक एवढाच की त्याची किंमत आता एकट्या होडीवाल्याच्या डोक्यावर राहिली नाही.

मासळीच्या जोडीला, आणि पुष्कळ घरांत तिच्या जागी, आता पर्यटन आले आहे, आणि त्याबरोबर जमिनीवरच्या हद्दी. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची: भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत बंधने, ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम जवळजवळ नाहीच. देवबागसारख्या गावात, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आहे आणि मधली जमीन चिंचोळी पट्टी आहे, तिथे अख्खे गावच या रेषांच्या आत येते. मोठ्या हॉटेलाला रोखण्यासाठी आखलेल्या रेषेत मच्छीमाराची पडवीही सापडली. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना राहत्या घरात पर्यटकांची सोय करण्याची वाट दिली, पण त्याच अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरची मर्यादा ५० वर आणली. एक सवलत घरासाठी आणि दुसरी बांधकाम व्यवसायासाठी, दोन्ही एकाच कागदात.

पर्यटनातल्या एका मर्यादेबद्दल मात्र कोणाचे दुमत नसावे. दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात सिंधुदुर्ग किल्ल्याकडची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. २४ मे २०२२ रोजी, बंदीला दोन दिवस उरले असताना, तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. हंगाम शेवटचा, गर्दी मोठी, वारा सुटलेला. तारीख कॅलेंडरवर ठरते, समुद्र मात्र कॅलेंडर पाहून बदलत नाही. बंदीच्या आधीच्या दिवसांत बोटीत किती माणसे घ्यायची, जीवरक्षक जाकिटे अंगावर आहेत का, वारा पाहून फेरी रद्द करायची का, हे रोज पाहणारा माणूस जेट्टीवर उभा असायला हवा.

जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. ट्रॉलर दहा वावांच्या आत आहे की बाहेर, याचे चित्र आणि स्थान आता आकाशातून टिपता येते. तहसीलदारांच्या काळात सर्वात कमी पडणारी गोष्ट हाच पुरावा होता. पुढचा प्रश्न यंत्राच्या हातातला नाही. ड्रोनने टिपलेल्या नौकेचा परवाना कोण निलंबित करतो, किती दिवसांत, मालक वजनदार असला तरीही का, आणि त्या निर्णयाची यादी सर्जेकोटच्या, आचऱ्याच्या, निवतीच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागते का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयातल्या खुर्चीवर अवलंबून आहे, आणि किनाऱ्यावरची माणसे त्या खुर्चीकडेच पाहत आहेत.